मोठा मुलगा ऑटिस्टिक, धाकटीकडे लक्ष कसं द्यायचं?

दोघांची आई:
मुलगा १२ वर्षांचा, ऑटिस्टिक आहे. मुलगी ९ वर्षांची. परवा त्याने तिची चित्रकलेची वही फाडली. ती रडलीसुद्धा नाही. तुकडे गोळा करून दप्तरात भरले आणि अभ्यासाला बसली. सगळे म्हणतात, केवढी समजूतदार पोर! मला मात्र तिची काळजी वाटायला लागली आहे. काय करू?

मोठी बहीण:
ताई, तुमची काळजी रास्त आहे. माझ्या धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचाली नीट होत नाहीत. माझा गृहपाठ थेरपी सेंटरच्या बाकावर, मांडीवर वही ठेवून व्हायचा. मीही रडायचे नाही. आई आधीच दमलेली, तिच्या डोक्याला आणखी ताप कशाला, एवढंच मनात असायचं. त्यामुळे तुमची मुलगी गप्प आहे म्हणजे तिला चालतंय, असं धरू नका. "तुझी वही फाटली, राग येणारच," हे तुम्हीच आधी म्हणा. "त्याला कळत नाही गं," हे तिला केव्हाच पाठ झालं असेल. आणि कुलूप लागेल असा एक कप्पा तिला द्या.

आमचे बाबा झोपण्याआधी थोडा वेळ फक्त माझे असायचे. पत्ते खेळायचो. भाऊ आजारी असला तरी ती वेळ बुडायची नाही, याचंच मला फार अप्रूप होतं.

एका गोष्टीवर मात्र घरात कोणी बोललं नाही: आई-बाबांनंतर भावाचं कोण बघणार? मी शाळेत असतानाच मनाशी ठरवून टाकलं होतं की लग्न करायचं नाही. तुम्ही काय सोय करताय ते तिला झेपेल तेवढं सांगा. ते ओझं तिच्यावर टाकलेलं नाही, हेही स्पष्ट सांगा.

विशेष शिक्षिका:
पूर्ण सहमत. "मलाही हे होईल का?", "माझ्यामुळे झालं का?" असे प्रश्न भावंडांना पडतात, पण ती विचारत नाहीत. ऑटिझम म्हणजे काय, हे तिला सोप्या शब्दांत सांगाच. शिवाय तिच्यासारखी दुसरी मुलं तिला भेटू देत. अमेरिकेत डॉन मेयर यांनी १९८२ मध्ये 'सिबशॉप' सुरू केले. त्यात अशा मुलांची साधारण ८ ते १३ वर्षांची भावंडं एकत्र खेळतात आणि खेळता खेळता घरातलं बोलतात. थेरपीला येणाऱ्या दोन-चार कुटुंबांनाही असं जमवता येईल.

दोघांची आई:
कप्पा आजच रिकामा करते. पण तिच्याजवळ बसले की तो दार बडवत राहतो.

मोठी बहीण:
मग त्याच्या शाळेची किंवा झोपेची वेळ धरा, किंवा घरातलं दुसरं कोणी त्याच्याजवळ बसू दे. रोज नाही जमलं तरी चालेल, पण ठरलेला वार मोडू नका.