कॅनडात दाजींची कॅरव्हॅन ओढायची आहे, पुण्यात बसून काय प्रॅक्टिस करता येईल?

सिंहगडरोडवाला:
नमस्कार मंडळी, धागा चुकीच्या विभागात असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा. ऑगस्टमध्ये आम्ही चौघं (मी, बायको, दोन पोरं) ताईकडे मिसिसागाला (टोरांटोजवळ, ओंटारिओ प्रांतात) चाललोय. दाजींनी सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर घेतलाय, म्हणजे गाडीच्या मागे हुकाला लावून ओढायची कॅरव्हॅन, आत बेड, किचन, संडास सगळं, आणि सगळ्यांनी मिळून अल्गॉन्क्विन पार्कला जायचं ठरलंय. दाजींचा खांदा दुखतो म्हणून ते म्हणतात अर्धं ड्रायव्हिंग तू कर. मी रोज हिंजवडी करतो, ताम्हिणी, वरंध, आंबेनळी सगळे घाट केलेत, पण मागे काही बांधून कधीच चालवलेलं नाही. तर एक म्हणजे तिकडे लायसन्सचं काय, आणि दुसरं म्हणजे जायच्या आधी इथे काय शिकून घेऊ? रिव्हर्सची जास्त धास्ती आहे. व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलंय.

पेठेतला_नाना:
विसर्जनाच्या दिवशी टिळक रोडला उभे राहा, गणपतीची ट्रॉली गर्दीतून मागे घेणारा ट्रॅक्टरवाला बघा. फुकटात ट्रेनिंग होईल. हॉर्न वाजवायची सवय मात्र इथेच ठेवून जा.

बारामती_ट्रॉली:
नाना गमतीत म्हणाले पण खरं आहे, आमच्याकडे कारखाना चालू झाला की पोरं उसाच्या ट्रॉल्या रिव्हर्स घेतात ते बघण्यासारखं असतं. दादा, गावाकडे कोणाचा ट्रॅक्टर असेल तर एक रविवार काढा. ट्रॉली दोन चाकी घ्या, एका अ‍ॅक्सलची. ती चार चाकी नको, तिचा पुढचा अ‍ॅक्सल स्वतःच वळतो त्यामुळे ती मागे घेणं वेगळंच प्रकरण आहे आणि तुमच्या कॅरव्हॅनला त्याचा उपयोग नाही.
युक्ती अशी की हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा, सहाच्या काट्यावर. मग ट्रॉलीची शेपूट ज्या बाजूला न्यायची त्याच बाजूला हात सरकवायचा, उलटसुलट डोक्यात काही करायचंच नाही. थोडंच फिरवा आणि थांबून बघा, आणि ट्रॉली वळायला लागली की लगेच तिच्या मागे मागे गाडी सरळ करायला घ्या नाहीतर ती दुमडते आणि दांडा बंपरला लागतो. दुमडायला लागली तर हट्ट करू नका, पुढे घ्या, सरळ करा, परत या. आखूड ट्रॉली फार चटकन दुमडते, लांब कॅरव्हॅन सावकाश वळते, त्यामुळे इथे हात बसला की तिकडे सोपं जाईल.

सिंहगडरोडवाला:
बारामतीकर, हे भारी सांगितलंत, इंदापूरला मामा आहे त्याला फोन करतो. सहाच्या काट्याचं डोक्यात बसलं.

ब्रॅम्प्टनची_काकू:
मी मूळची सदाशिव पेठेतली, इथे ओंटारिओत आम्ही बरीच वर्षं ट्रेलर ओढतोय, यजमान आणि मी आलटून पालटून. आधी लायसन्सचं सांगते. तुम्ही व्हिजिटर म्हणून येणार ना, मग तीन महिन्यांपर्यंत भारतातल्या लायसन्सवर चालवता येतं, इंटरनॅशनल परमिट आरटीओतून काढून आणलंत तर बरंच. इथलं जी लायसन्स, म्हणजे साधं कारचं, असलं की ४,६०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, त्यासाठी वेगळी परीक्षा नाही. हीच गोष्ट मला पहिल्यापासून खटकते, कारण माणसं शनिवारी शोरूममधून ट्रेलर घेतात आणि तासाभरात चारशे एक नंबरच्या हायवेवर असतात. दाजींनी त्यांच्या इन्शुरन्सवाल्याला मात्र फोन करायला हवा की पाहुणा चालवणार आहे आणि ट्रेलरसकट चालवणार आहे.

आता भाऊ, तुम्ही रिव्हर्सला घाबरताय आणि ते सगळेच घाबरतात, पण रिव्हर्समध्ये बहुतेक वेळा टेललाइट फुटते आणि शेजारचे कॅम्पवाले हसतात. माणसं मरतात ती वजन चुकल्यामुळे आणि स्पीडमुळे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या दांड्यावर, म्हणजे हुकावर यायला हवा. सामान मागच्या बाजूला कोंबलं, मागे सायकली टांगल्या की हुकावरचा भार कमी होतो आणि मग एका ठरावीक स्पीडच्या वर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, आधी बारीक आणि मग प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. पाण्याची टाकी कुठे आहे तेही बघा, दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो, ते अ‍ॅक्सलच्या मागे असेल तर टाकी भरून निघायचं की रिकामी याने सगळं गणित बदलतं.

आणि जे कोणीच बघत नाही ते म्हणजे ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक पिवळा-पांढरा स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोच्या वर नको असं लिहिलेलं. हुकावरचा भार त्यातच धरायचा असतो. ब्रोशरमधला "इतके हजार किलो ओढते" हा आकडा विसरा, फॅमिली बसवली की आधी स्टिकरवरचा आकडा संपतो. दाजींना त्या स्टिकरचा फोटो पाठवायला सांगा आणि ट्रेलर भरल्यावर किती भरतो तेही विचारा. अंदाज नको, वजनकाट्यावर नेलेला आकडा हवा.

घाटवेडा:
काकूंचं सगळं बरोबर, फक्त एक अ‍ॅड करतो. ट्रेलर हलायला लागला की घाबरून ब्रेक नाही मारायचा, उलट थोडी रेस द्यायची म्हणजे तो ताणला जाऊन सरळ होतो. माझ्या मित्राचा अनुभव आहे.

ब्रॅम्प्टनची_काकू:
नाही हो घाटवेडा, अर्धं बरोबर आहे आणि अर्धं जिवावर बेतणारं. गाडीचा ब्रेक जोरात मारायचा नाही हे खरं, कारण गाडी हळू होते आणि मागचं वजन तिला ढकलतं. पण हेलकावे वाढतात तेच मुळी स्पीडमुळे, आणि तुम्ही स्पीड वाढवायला सांगताय. मित्राचं एकदा जमलं असेल, हेलकावा बारीक असेल. अ‍ॅक्सलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं, हेलकाव्याच्या उलट फिरवत बसायचं नाही कारण आपला हात नेहमी अर्धा सेकंद उशिरा पोचतो आणि आगीत तेल पडतं. इथे १,३६० किलो किंवा त्याच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, बहुतेकांचे इलेक्ट्रिक असतात आणि ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ कंट्रोलर असतो, त्यावर हाताने दाबायची कळ असते. ती कळ हळू दाबली की फक्त ट्रेलर ब्रेक घेतो आणि मागून गाडीला सरळ खेचतो. भाऊ, तुम्ही आलात की पहिल्या दिवशी रिकाम्या पार्किंगमध्ये वीस-पंचवीसच्या स्पीडला ती कळ दाबून बघा, अंधारातही हात तिथे गेला पाहिजे. आणि एकदा शांत झालं की बाजूला थांबून सामान पुढे सरकवा, तसंच पुढे जाऊ नका.

घाटवेडा:
ओके, मान्य. मित्राला पण सांगतो.

स्टुटगार्ट_ते_वारजे:
मी जर्मनीत होतो तेव्हा बी नाइन्टीसिक्स (कारच्या बी लायसन्सवर जड ट्रेलर ओढायची वाढीव परवानगी) केलं होतं त्याबद्दल लिहितो. तिकडे साध्या बी लायसन्सवर ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर चालतो, त्यापेक्षा जड असेल तर गाडी आणि ट्रेलर मिळून ३,५०० किलोच्या आत हवं. ४,२५० पर्यंत जायचं तर बी नाइन्टीसिक्स, त्याला परीक्षा नाही पण किमान ७ तासांचं ट्रेनिंग सक्तीचं, आणि त्याही वर गेलात की बीई नावाचं वेगळं लायसन्स, त्याला परीक्षा. त्या सात तासांतले अडीच तास थिअरी, मला वाटलं होतं कंटाळा येईल, पण सामान कुठे ठेवायचं नि हुकावर किती भार यावर जे घासलं ते आजवर विसरलो नाही. बाकी वेळ मैदानात ब्रेक, वळण, रिव्हर्स, आणि मग एक तास ट्रॅफिकमध्ये. ब्रिटनने उलटं केलं, १९९७ पासून लायसन्स काढलेल्यांना जड ट्रेलरसाठी वेगळी टेस्ट होती ती डिसेंबर २०२१ मध्ये रद्दच केली, आता ३,५०० किलोपर्यंत कोणीही ओढतो. मला स्वतःला जर्मन पद्धत पटते, टेस्ट नको पण एक दिवस कोणीतरी शेजारी बसून शिकवलं पाहिजे.
स्पीडचं पण बघा, जर्मनीत ट्रेलरला ८०, गाडीची नि ट्रेलरची मंजुरी घेतली तर मोटरवेवर १००. न्यूझीलंडला ९०. कॅलिफोर्नियात ताशी ५५ मैल. हे आकडे उगाच आलेले नाहीत. ओंटारिओत बोर्डवर १०० लिहिलंय म्हणून शंभरने जायलाच पाहिजे असं नाही, ८५-९० ला उजव्या लेनमध्ये निवांत चला, लोक जातील पुढे. आणि मोठा ट्रक बाजूने गेला की त्याची हवा आधी ट्रेलरला बाहेर ढकलते नि मग आत ओढते, त्या वेळी दचकून स्टिअरिंग फिरवू नका.

नवले_पुलाजवळ:
सगळे स्पीडबद्दल बोलतायत पण उताराचं कोणी बोललंच नाही. आमच्या बाल्कनीतून कात्रज बोगद्याकडून येणारा उतार दिसतो, डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून येणारे ट्रक आणि खाली नवले पुलाजवळ कसे अपघात होतात ते पुणेकरांना सांगायला नको. जुने ट्रकवाले सांगतात ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर. ट्रेलरला पण तेच, उतार सुरू व्हायच्या आधी खालचा गिअर घ्यायचा, ऑटोमॅटिक असेल तर टो मोड (ओढण्यासाठीची सेटिंग) किंवा मॅन्युअलमध्ये टाकून, आणि ब्रेक थोडा दाबून सोडून थोडा दाबून असं. सतत पाय ठेवला की ब्रेक तापून काम करत नाहीत.
आणि पुढच्या गाडीपासून अंतर नेहमीच्या दुप्पट ठेवा. पुण्यात तेवढं अंतर ठेवलं तर त्यात तीन रिक्षा आणि एक पीएमपीएमएलची बस घुसते, तिकडे जमेल.

पेठेतला_नाना:
आणि पीएमपीएमएलच्या मागे एक टँकर.

कर्वेनगर_अनघा:
मला एक कळत नाही, हे सगळं वाचून आम्हाला पण इथे छोटी कॅम्पिंग ट्रेलर घेऊन पवना किंवा कोकणात जावंसं वाटतंय, ओळखीचा एक वेल्डिंगवाला म्हणतो हूक मी लावून देतो, ट्रेलर पण बनवून देतो. चालेल का?

स्टुटगार्ट_ते_वारजे:
अनघा, मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच धरलंय, त्यामुळे त्याचं स्वतःचं रजिस्ट्रेशन लागतं, आणि गाडीत मनाने बदल केले तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. महाराष्ट्राचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण आलंय २०२१ ला, आधी आरटीओत जाऊन विचारा मग वेल्डरकडे. हूक कुठे बोल्ट केलाय, चॅसिसला की नुसत्या बंपरच्या पत्र्याला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आणि पोरांना मागच्या ट्रेलरमध्ये बसवून जायचं हे डोक्यातून काढा, ओंटारिओतही चालत्या ट्रेलरमध्ये बसायला बंदी आहे.

सिंहगडरोडवाला:
दाजींकडून फोटो आला. स्टिकरवर ६४० किलो. ट्रेलर भरून २,३०० किलो होतो म्हणतात, काट्यावर नेला होता. आम्ही सहा जण, चार मोठे धरले ७० च्या हिशोबाने २८०, पोरं दोन मिळून ७०, बॅगा आणि कूलर ६०. हुकावर १२ टक्के धरले तर २७५ च्या आसपास. टोटल ६८५ येते, म्हणजे ४५ किलो जास्त. दाजी म्हणतात एवढ्याने काय होतंय, गेल्या वर्षी पण असंच गेलो होतो. काकू तुम्ही सांगा.

ब्रॅम्प्टनची_काकू:
दाजींना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं गेल्या वर्षी तुम्ही दोघंच होतात. त्यात तो वेट डिस्ट्रिब्युशन हिच (हुकावरचा भार पुढच्या चाकांवरही वाटणारा जोड) असेल तर त्याचंच वजन आणखी तीस-चाळीस किलो. मागून गाडी बसली की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग पुढच्या चाकांवर असतं, ब्रेकचंही बहुतेक काम तीच करतात आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात. हुकावरचा भार कमी करून टोटल जुळवू नका, ते तर आणखी वाईट. ताईंची छोटी गाडी आहे ना? पोरं आणि बॅगा तिच्यात घाला, ताई चालवतील. म्हणजे दोनशे किलो कमी होतात, आणि कॅम्पवर पोचल्यावर दूध आणायला जायला वेगळी गाडीही राहते.

टायर बघायला सांगा दाजींना, सेकंडहँड ट्रेलरचे टायर खाच शिल्लक असली तरी वयाने गेलेले असतात, तारीख साइडवॉलवर असते. प्रेशर सकाळी टायर गार असताना. निघताना कपलर (ट्रेलरच्या दांड्याचं टोक) गाडीच्या हुकाच्या बॉलवर नीट बसून लॉक झालाय का, साखळ्या दांड्याच्या खालून एकमेकींना क्रॉस करून लावल्यात का म्हणजे हूक सुटला तरी दांडा रस्त्यात रुतत नाही, ब्रेकअवेची वायर (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी), लाइटचा प्लग, आणि दांड्याखालचा टेकूचा जॅक वर घेतलाय का. हे ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याने स्वतः बघायचं, दाजींनी बघितलं असेल असं नाही. पहिल्या पेट्रोल पंपावर परत एक चक्कर.

बारामती_ट्रॉली:
एक राहिलं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, तिकडे डावीकडे. रिव्हर्स घेताना शेपूट ड्रायव्हरच्या बाजूला वळवली तर खिडकीतून डोकं काढून दिसतं, म्हणून मामाकडे उजवीकडे वळवायची प्रॅक्टिस कराल आणि तिकडे तेच डावीकडे लागेल. दोन्ही बाजूंनी करा.
आणि मागे उभं राहणाऱ्याने "येऊ द्या येऊ द्या" ओरडून उपयोग नाही, काचा बंद असतात. एसटीचं वापरा, थाप मारायची, एक म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ दे. तो माणूस आरशात दिसेनासा झाला की गाडी जागेवर उभी.

सिंहगडरोडवाला:
ताई गाडी चालवायला तयार आहे, दाजी थोडे नाराज आहेत. मामा म्हणतो ये, ट्रॅक्टर रिकामाच आहे, फक्त डिझेल तू टाक.