घडीचं वर्कबेंच: रंधा मारताना सरकतं, फळी निसटते, काय करावं?

गॅलरीतला_सुतार

कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. कामाची जागा म्हणजे ९ बाय ४ फुटांची गॅलरी, त्यातही वर कपड्यांच्या दोऱ्या. पक्कं टेबल ठेवणं शक्य नाही म्हणून घडीचं वर्कबेंच घेतलंय. पत्र्याचे पाय, वर बांबूच्या दोन फळ्या, दोन हँडलं, उंची ७८ सेंमी, खोक्यावर क्षमता १५० किलो.

कामं तीन आहेत. जुन्या पलंगाच्या सागवानी फळ्या रंधून पुस्तकांचं शेल्फ, १८ मिमी प्लायचं चपलांचं कपाट, आणि पावसाळ्यात फुगून चौकटीला घासणारा बेडरूमचा फ्लश दरवाजा.

रंधा मारला की बेंच फळीसकट पुढे सरकतं. फळी एका टोकाला पकडली की दुसऱ्या टोकाची फट तिरकी होते आणि फळी सुटते. ८ बाय ४ ची शीट तर वर ठेवायचीच भीती वाटते. १५० किलो पेलणारं बेंच चार किलोच्या फळीपुढे हार का मानतं? बेंच हलकं निघालं की वापरायची पद्धत चुकतेय?

गुण्या_आणि_खुंटी

बेंच ठीक दिसतंय. १५० किलो हा आकडा सरळ खाली येणाऱ्या आणि सारख्या पसरलेल्या वजनाचा असतो. रंध्याचा जोर आडवा. त्याला अडवायला दोनच गोष्टी असतात, बेंचचं स्वतःचं वजन आणि पायांचा ताठपणा. घडीचं बेंच जेमतेम दहा-पंधरा किलोचं, आणि पायांचे सांधे रिव्हेटवर फिरणारे. त्यात थोडी ढिलाई ठेवल्याशिवाय घडीच होणार नाही.

तेव्हा याला टेबल समजू नका, पायांवर उभा केलेला शिकंजा समजा. मूळ कल्पनाही तीच आहे. या प्रकारातलं पहिलं गाजलेलं बेंच म्हणजे 'वर्कमेट'. ते रॉन हिकमन यांनी काढलं, लोटस एलान गाडीचं डिझाइन करणारे तेच. ब्लॅक अँड डेकर या अवजारांच्या कंपनीने आधी नाकारलं आणि मग १९७०च्या दशकात तेच लाखोंनी विकलं. त्यातली खुबी एवढीच की बेंचचा अख्खा माथा म्हणजेच शिकंज्याचे दोन जबडे.

आता रंध्याचं. बेंच भिंतीला किंवा कॉलमला भिडवा, मध्ये प्लायचा तुकडा घाला आणि रंधा भिंतीकडे चालवा. मग जोर बेंच घेत नाही, भिंत घेते. गॅलरीच्या रेलिंगला भिडवू नका, ते दणके खाण्यासाठी नसतं. खाली पायरीसारखी आडवी पट्टी असेल तर एक पाय तिच्यावर रोवून उभे राहा. आपले सुतार जमिनीवर बसून पायाने लाकूड दाबून धरतात, तेच काम इथे उभ्याने करायचं. पायरी नसेल तर खालच्या आडव्या नळीवर वीस-पंचवीस किलो वाळूची गोणी ठेवा. पायांखाली रबरी मॅट हवीच, गॅलरीच्या गुळगुळीत टाइल्सवर प्लॅस्टिकचे बूट घसरतात.

एवढं करूनही सरकलं तर दोष रंध्याच्या पात्यात. सागवान पात्याची धार लवकर घालवतं, आणि बोथट पातं चालवायला दुप्पट जोर लागतो. पातं कमी काढा, ढलपी पारदर्शक दिसेल इतकी पातळ निघाली पाहिजे. रंध्याच्या तळाला मेणबत्ती घासा. आणि पलंगाच्या फळ्या आहेत म्हणता, तर आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. डोकं तुटलेला खिळा पॉलिशखाली दिसत नाही, पात्याला मात्र बरोबर सापडतो.

तिरक्या फटीचं कारण: दोन्ही हँडलांचे स्क्रू एकमेकांपासून स्वतंत्र असतात. फळी फक्त डाव्या टोकाला असेल तर उजवा स्क्रू आवळताना जबडा फळीभोवतीच फिरतो आणि पकड एका रेघेवर येते. उजव्या टोकाला त्याच जाडीचा तुकडा घाला, फळीतूनच कापलेला असेल तर उत्तम. मग दोन्ही हँडलं आलटून पालटून अर्धा-अर्धा फेरा. निमुळतं लाकूड धरायचं असेल तेव्हा हाच स्वतंत्रपणा कामाला येतो, पाचरीच्या आकाराचा तुकडाही घट्ट बसतो. हँडलाला पाइप अडकवून आवळू नका. स्वस्त बेंचमध्ये आतला नट प्लॅस्टिकचा असतो, त्याचे आटे जातात.

फळी आडवी ठेवून वरची बाजू रंधायची तर माथ्यावरच्या भोकांत बसवलेल्या चार खुंट्यांमध्ये धरावी लागते, आणि इथे एक गोष्ट हमखास होते. जास्त आवळलं की फळी मध्ये वर उचलते. तुम्ही तो उंचवटा रंधून सपाट करता, खुंट्या सोडल्या की फळी मूळ जागी बसते आणि मध्ये खोलगट राहते. आवळताना फळीवर गुण्याची (काटकोन मापायच्या अवजाराची) पट्टी आडवी ठेवून खालून उजेड पाहा, पट्टी डुलायला लागली की पाव फेरा मागे. सोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या खुंट्या पातळ फळीच्या वर डोकावतात, म्हणून १२ मिमी वर राहतील अशा सागवानी खुंट्या करून घ्या. भोकांचा व्यास कंपनीगणिक बदलतो, व्हर्नियरने मोजूनच घ्या.

शेवटचं म्हणजे सहा फुटी फळी अख्खी रंधू नका. बेंच दोन फुटांचं, बाहेरची टोकं रंध्याखाली लवतात आणि तिथे कमी कापलं जातं. आधी शेल्फच्या मापापेक्षा अर्धा इंच लांब कापा, मग रंधा.

भवानी_प्लाय

शीटबद्दल: १८ मिमीची ८ बाय ४ प्लाय पस्तीस-चाळीस किलो भरते. बेंचला वजनाचं काही नाही, पण दोन फुटांच्या आधारावर आठ फुटी शीट कापताना काप पुरा होत आला की दोन्ही भाग खाली झुकतात आणि सर्क्युलर सॉचं (गोल पात्याच्या करवतीचं) पातं चिमटलं जातं. मशीन उसळून मागे, म्हणजे तुमच्याकडे, येतं. हा धोका पत्करण्याचं काही कारणच नाही.

तसंही आठ फुटी शीट बहुतेक सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये मावत नाही. भवानी पेठेत टिंबर मार्केटला पॅनल सॉवर (शीट कापायच्या मोठ्या मशीनवर) मापाने कापून देणारा दुकानदार गाठा आणि कटिंग लिस्ट लिहून न्या. प्रत्येक कापात पात्याच्या जाडीचे ३ मिमी जातात ते हिशोबात धरा. ८ फूट म्हणजे २४४० मिमी, त्यातून ६१० चे चार तुकडे निघत नाहीत, ६०७ चे निघतात. हे तिथे उभं राहून कळलं की चपलांच्या कपाटाचं एक फडताळ आखूड पडतं.

घरी कापायचंच असेल तर जमिनीवर. खाली दोन इंची थर्माकोल, पात्याची खोली प्लायपेक्षा ५-६ मिमी जास्त, म्हणजे थर्माकोलवर फक्त ओरखडा उठतो आणि दोन्ही भागांना शेवटपर्यंत आधार राहतो. प्लायची चांगली बाजू खाली ठेवा, सर्क्युलर सॉचे दात खालून वर कापतात आणि कपच्या वरच्या बाजूला उडतात. जिग-सॉच्या नेहमीच्या पात्यांचंही तेच. बेंचवर फक्त लहान तुकड्यांचे आडवे काप करा: तुकडा जबड्यांवर क्लॅम्पने बांधलेला, कापायची रेघ जबड्यांच्या बाहेर, पडणारा भाग मोकळा. दोन आधारांच्या मध्ये कधीच कापू नका.

कपाट जोडायला मोठा माथा हवा, तो करून ठेवा. ९०० बाय ६०० मिमीचे १८ मिमी प्लायचे दोन तुकडे आणि ५० बाय ५० चा साडेपाचशे लांबीचा एक बॅटन (लाकडी पट्टी). बॅटन खालच्या प्लायच्या मधोमध, लांबीच्या दिशेने, वरून ५० मिमीच्या पाच स्क्रूंनी बसवा, डोकी बुडवून. मग त्यावर दुसरी प्लाय फेविकॉलने चिकटवा आणि कडांना क्लॅम्प, मध्ये वजन ठेवून रात्रभर सोडा. सगळे स्क्रू दोन थरांमध्ये गाडले जातात, वर लोखंड राहत नाही, करवत किंवा पटाशी अडत नाही. वापरताना बॅटन जबड्यांत धरायचा, माथा हलत नाही. प्लाय बीडब्ल्यूआर किंवा बीडब्ल्यूपी, म्हणजे पाणी सोसणारी, घ्या, गॅलरीत पावसाची झड येतेच.

रंधा_बारीक

भवानी, पद्धत चोख आहे पण दोन थर नकोत. ९०० बाय ६०० चा ३६ मिमी माथा तेरा किलोच्या आसपास जातो, म्हणजे जवळजवळ बेंचइतका. रोज पलंगाखालून काढायचा आणि ठेवायचा आहे. एकच थर घ्या आणि खालून कडेने चारी बाजूंना ४० मिमी रुंद प्लायच्या पट्ट्या चिकटवा. लवणं थांबतं, वजन आठ किलोच्या आत राहतं, आणि क्लॅम्पला पकडायला जाड कड मिळते. कोपऱ्यावर भार टाकू नका एवढंच. पायांच्या बाहेर २० सेंमीपेक्षा जास्त गेलेल्या माथ्यावर कोपर टेकला तरी बेंच उलटू शकतं.

भवानी_प्लाय

पटाशीचं काम असेल तर दोन थरच. एका थरावर साल (सांध्यासाठी खोदायची खाच) पाडायला घेतली की प्रत्येक ठोक्याला माथा उसळतो आणि निम्मा जोर फुकट जातो. नुसतं कपाट जोडायचं असेल तर तुमचं बरोबर. फक्त स्क्रूची डोकी मग वर राहतील, ती ३-४ मिमी खोल बुडवून लांबीने (पुट्टीने) भरा.

गुण्या_आणि_खुंटी

साल पाडायची तर माथा लावूच नका. लाकूड जबड्यांत आडवं धरा आणि खोदायची जागा बरोबर पायाच्या वर आणा. मधल्या भागात ठोकलं तर बांबूची फळी स्प्रिंगसारखी वागते. राहिला आवाजाचा प्रश्न: ठोकाठोकीला पायांखाली जाड रबर घाला, म्हणजे खालच्या मजल्यावर धमक कमी जाते. दुपारी एक ते चार पटाशी का चालवू नये हे पुण्यात सांगायला नको.

जुनाबाजार_फेरी

देखभालीचं थोडं. स्क्रूच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका, भुसा बसून लगदा होतो आणि हँडल जड फिरतं. ब्रशने साफ करून मेणबत्ती घासा. जबड्यांच्या वरच्या बाजूला खाकी टेप लावून ठेवा, फेविकॉल तिच्यावर सांडला तर सोलून निघतो. पाय डुगडुगायला लागले तर एकेक सांधा हाताने हलवून कुठली रिव्हेट सैल आहे ते शोधा. ती ड्रिलने काढून भोकाच्या मापाचा बोल्ट, दोन्हीकडे वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) लावा. बोहरी आळीत सुटे मिळतात. साधा नट घडी करताना हळूहळू सुटत जातो, म्हणून नायलॉक. पूर्ण आवळून वर पाव फेरा मागे, नाहीतर पाय मिटणार नाहीत.

बुधवार-रविवारी जुन्या बाजारात असं बेंच दिसलं तर रंग पाहू नका. दोन्ही स्क्रू टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघा आणि जबडे मिटल्यावर फट सारखी आहे का ते पाहा. एमडीएफच्या फळ्या फुगलेल्या असतील तर त्या प्लायने बदलता येतात. वाकलेला पाय सरळ होत नाही.

गॅलरीतला_सुतार

सगळ्यांचे आभार. एकथरी माथा करतो, साल पाडणार नाहीये. आता दरवाजा. ७ फूट बाय ३ फूट, ३२ मिमी जाड, कुलपाच्या बाजूने वरच्या अर्ध्या भागात घासतोय. तो या बेंचवर कसा धरायचा? जबड्यांत उभा जात नाही, खालच्या स्क्रूंना अडतो.

रंधा_बारीक

जबड्यांत घालायचाच नाही. घासणारी कड वर करून दरवाजा लांब बाजूवर उभा करा, खाली जुनी सतरंजी. बेंच त्याला बाजूने टेकवा आणि १८ इंची दोन एफ-क्लॅम्पनी दरवाजा बेंचच्या माथ्याला बांधा, मध्ये पुठ्ठा, नाहीतर सनमायकावर वळ उठतात. तुमचा दरवाजा ९१ सेंमी रुंद आणि बेंच ७८, म्हणजे कड माथ्याच्या १३ सेंमी वर राहते, रंध्याला ठीक उंची. अडीच फुटी दरवाजा असता तर कड ७६ वर, बेंचच्याही खाली गेली असती, तेव्हा खाली दोन ठोकळे घालावे लागले असते.

काढण्याआधी खूण करा. दरवाजा बंद करून जिथे घासतो तिथे फटीत कार्बन पेपर सरकवा, उमटेल तेवढ्याच लांबीवर पेन्सिलची रेघ. एक सूत, म्हणजे ३ मिमी, एवढंच काढायचं. पावसाळ्यात ऐसपैस फट केली तर उन्हाळ्यात दरवाजा खडखडतो. फ्लश दरवाज्याच्या कडेला लाकडी पट्टी असते, ती किती जाड आहे ते कुलपाच्या खाचेत पाहून घ्या, पट्टी संपली की आत नुसता भराव लागतो. रंधा टोकाकडून मधे आणा, मधून टोकाकडे नको, कारण कोपऱ्यावर आडव्या पट्टीची कपची उडते. कुलपाची पट्टी आधी काढा, आणि तेवढ्या भागात रंधला तर तिची खाच तितकीच खोल करा.

रंधलेली कड उघडी ठेवून दरवाजा परत लावू नका. फुगण्याचं कारण बहुधा तेच आहे, वरच्या आणि खालच्या कडेला सुताराने रंग मारलेलाच नसतो. दरवाजा उतरवलाच आहे तर चारी कडांना प्रायमर आणि वर ऑइल पेंटचे दोन हात द्या, दोन कोरडे दिवस पाहून. ओला असताना रंगवला तर आतली ओल आतच राहते.