थंडीत हायब्रिडचं अ‍ॅव्हरेज २४ वरून १६ वर आलंय, मदत हवी आहे

म्हापसा_शुक्रवार
स्ट्राँग हायब्रिड आहे (इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्हींवर चालणारी). २४ द्यायची, डिसेंबरपासून १६-१७ वर आली. इंजिन बंदच व्हायला मागत नाही, गाडी उभी असली तरी चालूच. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, थंडीत असं होतंच. बॅटरी गेली का? व्याख्यान नको, काय करायचं तेवढं सांगा.

सुशेगाद_७
गोव्यात कसली थंडी, बाब? जानेवारीच्या पहाटेसुद्धा वीसच्या आसपास असतं. तेवढ्याने आठचा फरक पडणार नाही. गाडी कुठली? एका वेळी किती किलोमीटर चालते? आणि आकडा डॅशबोर्डवरचा की टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल?

चोर्ला_घाट
ब्रेक बघा आधी. हायब्रिडमध्ये अर्धंअधिक ब्रेकिंग मोटरच करते, त्यामुळे पॅड फारसे घासले जात नाहीत आणि आपल्या खाऱ्या हवेत मागच्या कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना गंजून अडकतात. पॅड डिस्कला चिकटून राहतो. सपाट रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं कमीत कमी ब्रेक मारत चालवा, थांबल्यावर चारही रिमजवळ हात धरा (टेकवू नका, भाजेल). एकच चाक तापलेलं असेल तर तिथेच घोळ. पिना काढून साफ करायच्या, सिलिकॉन ग्रीस लावायचं, फाटलेले रबर बूट बदलायचे. साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि महिन्याभरात पुन्हा तेच.

बोरी_पूल
माहिती चांगली, पण ब्रेक अडकला म्हणून उभ्या गाडीत इंजिन का चालू राहील? प्रश्न परत वाचा.

कुळागर
थंडीत डिझेलमधलं मेण गोठतं, फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये विंटर डिझेल काढलं, उणे ३३ पर्यंत चालतं. ते मिळतं का बघा.

सुशेगाद_७
पेट्रोल हायब्रिड आहे हो.

म्हापसा_शुक्रवार
गाडी गोव्यात आहे असं कोण म्हणालं? पासिंग गोव्याचं, जीए-०३ आहे, गाडी शिमल्यात आहे. यांची बदली झाली. कंपनीचं नाव लिहीत नाही, लगेच दोन पार्ट्या पडतात. दीड लिटर, तीन सिलिंडर, ई-सीव्हीटी (हायब्रिडचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), छोटी लिथियम बॅटरी. आकडा टाकी ते टाकी. घर ते ऑफिस चार किलोमीटर, जाताना चढ.

बोरी_पूल
ताई, आता कुठे चित्र दिसलं. बॅटरी गेलेली नाही. एकच विचारतो, हीटर किती अंशांवर असतो आणि काचेचा डीफ्रॉस्ट चालू असतो का?

म्हापसा_शुक्रवार
२७. डीफ्रॉस्ट असतोच, काच धुरकट होते ना. पण हीटरला पेट्रोल लागत नाही, ती इंजिनचीच गरमी असते.

बोरी_पूल
साध्या गाडीत खरं आहे, कारण तिचं इंजिन एरवीही चालूच असतं. हायब्रिडमध्ये इंजिन बंद राहणं हीच कमाई. हीटर कूलंटमधून, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या द्रवातून, उष्णता ओढतो, कूलंट ठरावीक तापमानाखाली गेला की कॉम्प्युटर निव्वळ हीटरसाठी इंजिन चालू करतो. तुमच्यासारख्या सिस्टिममध्ये कूलंट साधारण ४० ला पोचेपर्यंत इंजिन बंदच होत नाही, मनमोकळं बंद व्हायला ७० च्या आसपास लागतं. सकाळी दोन अंशांवरून निघालात, हीटर २७ वर, की चार किलोमीटरांत ७० कधी येणारच नाही. प्रत्येक फेरी थंड इंजिनावर संपते.

मी असं करेन. गाडी चालू केल्यावर गरम व्हायला उभी ठेवायची नाही, काच साफ झाली की अर्ध्या मिनिटात निघायचं, पहिला चढ हलक्या पायाने. डॅशवरचा निळा कूलंटचा दिवा जाईपर्यंत हीटर बंद, अंगात जॅकेट. मग २० अंश, पंखा एक किंवा दोनवर, इको मोड, कारण इकोमध्ये हीटरची मागणीही सौम्य होते. समोरची काच स्वच्छ झाली की डीफ्रॉस्ट बंद. आतली हवा सतत फिरवत ठेवली तर काच पुन्हा धुरकटेल, तेव्हा मधूनमधून बाहेरची हवा घ्या. बाजारहाट ऑफिसहून येतानाच उरका, इंजिन तापलेलं असतं तेव्हा. सगळं करूनही २४ येणार नाही, २०-२१ आलं तरी भरून पावलं म्हणा.

चोर्ला_घाट
टायरचा विषय कोणी काढलाच नाही. दर साडेपाच अंशांना एक पीएसआय जातो. गोव्यात ३० अंशांत ३३ भरलेला टायर दोन अंशांत २८-२९ वर येणार. अ‍ॅव्हरेज तिथेच गेलं.

मांडवी_उत्तर
समुद्रसपाटीला बरोबर. शिमला २२०० मीटरवर, बाहेरच्या हवेचा दाब तिथे १४.७ ऐवजी सव्वाअकरा पीएसआय. गेज दाखवतो तो आतला आणि बाहेरचा फरक. ३३ अधिक १४.७ म्हणजे ४७.७, थंडीने आकसून ४३.३, त्यातून सव्वाअकरा वजा केले की ३२. म्हणजे उंचीने थंडीचं नुकसान जवळपास भरून काढलं. पाच वाढवून भरलेत तर उलट जास्त होईल. सकाळी गाडी हलवण्याआधी तिथेच मोजा आणि दारावरच्या स्टिकरवरचा आकडा ठेवा, बस.

चोर्ला_घाट
बरं, हिशोब मान्य. पण टायरचा विषय मीच काढला.

पाव_भाजी_रॉस
रेडिएटरच्या जाळीत फोम बसवा. कॅनडात सर्रास करतात, इंजिन पटकन तापतं. पाइपवर चढवतात तो काळा फोम, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

बोरी_पूल
कॅनडात उणे वीस असतं. पुढच्या जाळीमागे इंजिनचा रेडिएटर एकटा नसतो, एसीचा कंडेन्सर असतो आणि इन्व्हर्टरचा (बॅटरीची वीज मोटरला देणारा) वेगळा कूलिंग सर्किटही. इन्व्हर्टर तापला की सिस्टिम ताकद कमी करते. फोम लावून कालका-चंदीगडला उतरलात, काढायचं विसरलात, तर? पेट्रोलच्या दोन टाक्या वाचवून इन्व्हर्टरचा खर्च काढणार का?

पाव_भाजी_रॉस
अर्धी जाळी सांगतोय, पूर्ण नाही. आणि तापमान बघत राहायचं.

फोंडा_वरचा_बाजार
उतारावर बी गिअर टाका, चार्जिंग जास्त होतं, परतताना फुकट.

मांडवी_उत्तर
या ई-सीव्हीटीत बी म्हणजे इंजिन ब्रेकिंग. मोटर इंजिनला पेट्रोलशिवाय फिरवते, म्हणजे उताराची ऊर्जा तिथे खर्च होते. डीमध्येच हलका ब्रेक दाबला तर जास्त साठते. ज्या गाड्यांत स्टिअरिंगमागे पॅडल असतात तिथे गणित वेगळं. बी ठेवायचा तो बॅटरी भरल्यावर ब्रेक तापू नयेत म्हणून, आणि या बॅटऱ्या लवकर भरतात. पाऊण युनिटची बॅटरी, त्यातली अर्धीच वापरात; सव्वाशे-दीडशे मीटर उतरलात की पूर्ण. चोर्ला उतरताना केरी यायच्या कितीतरी आधी भरते. शिवाय गार लिथियम बॅटरी जोरात चार्ज करून घेत नाही, सेलला इजा होऊ नये म्हणून कॉम्प्युटर मर्यादा घालतो. त्यामुळे सकाळच्या पहिल्या उतारावर फारशी आशा ठेवू नका.

कुळागर
खरं कारण ई-२०, वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा.

सुशेगाद_७
त्याने सहा-सात टक्के जातात, तेही बाराही महिने. डिसेंबरपासूनच का? ई-२० चा धागा वेगळा आहे, तिथे चारशे प्रतिसाद झालेत, तिथे जा.

मांडवी_उत्तर
ताई, एक शंका उरते. थर्मोस्टॅट (कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडा अडकला असेल तर लक्षणं हुबेहूब हीच. गोव्याच्या उष्म्यात ते कळतही नाही, थंडीत उघडं पडतं. ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरची रीडिंग वाचणारा) स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावा, मोबाइलवर कूलंटचं तापमान बघा. हीटर पूर्ण बंद ठेवून सलग वीस मिनिटं चालवा. ८० च्या पुढे जाऊन स्थिरावलं तर थर्मोस्टॅट ठीक. ६० च्या आसपास रेंगाळलं, उतारावर आणखी घसरलं, तर बदलायला सांगा, रीडिंगचा फोटो दाखवूनच. आणि बिलावर इंजिन ऑइलचा ग्रेड (घट्टपणा) बघा. पुस्तकात ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० असताना ५डब्ल्यू-३० ओतलेलं असेल तर गार इंजिनाला तेही जड जातं.

म्हापसा_शुक्रवार
स्कॅनर लावला. हीटर बंद असताना ८६ वर थांबतं. हीटर २७ आणि डीफ्रॉस्ट लावला की उतारावर ६१ पर्यंत पडतं आणि इंजिन चालू. बिलावर ५डब्ल्यू-३०.

बोरी_पूल
थर्मोस्टॅट ठीक आहे. हीटर २० वर आणा, तेल पुढच्या सर्व्हिसची वाट न बघता बदला. ओतण्याआधी डबा डोळ्यांनी बघायचा.

फोंडा_वरचा_बाजार
माझी हायब्रिड फोंडा-पणजी १९ च देते, हीटर कधी लावलेला नाही. काय असेल?

सुशेगाद_७
नवीन धागा काढा. आणि गाडी कुठे आहे ते पहिल्या ओळीत लिहा.