चार्ट नोंदीच्या जागीच हवा की एक्सेलमध्ये?

उद्यमबागेतला क्वालिटीवाला
बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत क्वालिटी बघतो. रिजेक्शनच्या नोंदी आम्ही नोशन या नोंदी-टेबलांच्या ॲपमध्ये ठेवतो: तारीख, हीट नंबर (भट्टीतल्या एका वितळणीचा क्रमांक), पार्ट, ओतलेले नग, रिजेक्ट नग, दोष. चार्ट मात्र महिनाअखेरीला मी एक्सेलमध्ये काढायचो. नोशनमध्ये 2024 च्या ऑगस्टमध्ये चार्टची सोय आली, आता तिथंच काढतो. माझं ठाम मत आहे, ज्यानं नोंद केली त्याला त्याच पानावर चार्ट दिसला पाहिजे.

पहिला चार्ट काढला तेव्हा ब्लोहोलच्या, म्हणजे ओतलेल्या नगात पोकळी राहण्याच्या दोषाच्या, तीन पट्ट्या आल्या. दिवसपाळीचे सुपरवायझर मराठीत लिहायचे, रात्रपाळीचे कन्नडमध्ये, एक जण इंग्रजीत. दोष एकच! एक्सेलमध्ये मी हे हातानं जुळवून टाकायचो, त्यामुळं बाकी कुणाला त्याचा पत्ताच नव्हता. मग तो रकाना मजकुराऐवजी सिलेक्टचा केला आणि प्रत्येक पर्यायात मराठी-कन्नड नावं शेजारी शेजारी टाकली. हे सुचवलं रात्रपाळीवाल्यांनीच, स्क्रीनसमोर उभं राहून.

आकडेमोड_शहापूर
ही नोंदीची शिस्त झाली, चार्टची नव्हे. एक्सेलमध्येही ड्रॉपडाऊन करता येतो की! माझा आक्षेप वेगळा आहे. नोशनमध्ये उभी पट्टी, आडवी पट्टी, रेष, डोनट अशा साध्या प्रकारांवर भागवायचं. दोषांची उतरती पट्टी आणि तिच्यावर एकत्रित टक्क्यांची रेष, म्हणजे आपला साधा पॅरेटो, एका चार्टात कसा बसवणार? शिवाय फुकटच्या प्लॅनमध्ये चार्ट एकच मिळतो. लहान कारखान्यानं पट्ट्या बघायला दर माणशी पैसे का भरावेत?

उद्यमबागेतला क्वालिटीवाला
पॅरेटो कस्टमरला पाठवायचा तेव्हा एक्सेलच, मान्य. पण शॉपमध्ये एकच चार्ट पुरतो. एकाच चार्टचा गट मी गरजेप्रमाणं बदलतो, कधी दोषावर, कधी तारखेवर. आठवड्यावार रेष काढली तर मृगाचा पाऊस लागल्यावर ब्लोहोल चढलेला सरळ दिसतो. वाळूत ओलावा वाढला की वाफेला बाहेर पडायला वाट हवी असते, ती नसली की कास्टिंगमध्ये पोकळी राहते. हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण रेष वर जाताना बघितली तेव्हा वाळूची तपासणी पाळीला एकदाच्या जागी दोनदा सुरू झाली. महिनाअखेरच्या मिटिंगमध्ये हे कळून काय उपयोग, तोवर माल भंगारात गेलेला असतो.

चिकोडीकडचा डेअरीवाला
दोघांनाही एक विचारतो. तुम्ही रिजेक्शनचे टक्के चार्टवर कसे घेता? प्रत्येक ओळीत टक्के लिहून चार्टला सरासरी काढायला सांगत असाल तर लै मोठी चूक होते. आमच्या संकलनात बघा की. 10 लिटर म्हशीचं दूध 7 फॅटचं, 90 लिटर गाईचं 3.5 चं. दोन ओळींची सरासरी 5.25. कॅनमध्ये एकत्र ओतल्यावर फॅट भरतं 3.85. त्या 5.25 वर कुणी पैसे देईल का? सरासरी लिटरवर काढायची असते, ओळींवर नाही. नोशनचा चार्ट रकान्याची बेरीज देतो, सरासरी देतो. एका बेरजेला दुसऱ्या बेरजेनं भागत नाही.

आकडेमोड_शहापूर
नेमकं हेच! एक्सेलच्या पिव्होट टेबलमध्ये बेरजेला बेरजेनं भागायचा कॅल्क्युलेटेड फील्ड असतो. चार्ट दिसायला छान, आतला आकडा चुकीचा, आणि बघणारा मान डोलावतो. याच कारणानं मी विरोधात आहे.

उद्यमबागेतला क्वालिटीवाला
डेअरीवाल्या दादांचं खरं आहे. आत्ता उघडून बघितलं, माझ्या त्याच चार्टात अशीच सरासरी होती. 400 नगांत 8 रिजेक्ट आणि 20 नगांच्या सँपल लॉटमध्ये 4, चार्टवर 11 टक्के. खरे 420 मध्ये 12, म्हणजे 3 टक्क्यांच्या आत. त्या 11 वर मागच्या आठवड्यात मोल्डिंगवाल्यांना बोललो होतो. उद्या पाळी सुरू व्हायच्या आधी जाऊन त्यांना सांगतो.

पण चार्ट काढून टाकणार नाही. उभ्या अक्षावर आता रिजेक्ट नगांची बेरीज घेतली. टक्क्यांसाठी महिन्यांचं वेगळं टेबल केलं, रिलेशननं हीट जोडल्या, रोलअपनं, म्हणजे जोडलेल्या ओळींची बेरीज आणणाऱ्या रकान्यानं, ओतलेल्या आणि रिजेक्ट नगांच्या बेरजा आणल्या आणि फॉर्म्युल्यात भागल्या.

आकडेमोड_शहापूर
नुसत्या बेरजेतही गोम आहे. ज्या महिन्यात ओतकाम जास्त, त्या महिन्यात रिजेक्ट जास्तच दिसणार. पट्टी वाढली म्हणून पुन्हा कुणाला तरी बोलणार.

चिकोडीकडचा डेअरीवाला
मग ओतलेल्या नगांचा आकडा चार्टच्या वरच लिहून ठेवा. आमच्या बोर्डावर फॅटशेजारी लिटर लिहिल्याशिवाय शेतकरी बोर्डासमोरून हलत नाही.

उद्यमबागेतला क्वालिटीवाला
लिहितो. मराठी-कन्नड दोन्हीत.