मुरुमांच्या खड्ड्यांसाठी पीआरपी घ्यावे की एक्झोसोम?

निपाणीची आई:
नमस्कार. माझी मुलगी 24 वर्षांची आहे. तिचे मुरूम आता थांबले आहेत, पण गालांवर खड्डे राहिले आहेत आणि डावा गाल केसांनी झाकल्याशिवाय ती घराबाहेर पडत नाही. येत्या वैशाखात तिचे लग्न करायचे आहे. बेळगावात एका ठिकाणी पीआरपीसह मायक्रोनीडलिंगच्या, म्हणजे चेहऱ्यावर बारीक सुया टोचण्याच्या, चार सिटिंग सांगितल्या. कोल्हापुरात दुसरीकडे एक्झोसोमचे इंजेक्शन सुचवले आणि सामन माशाच्या डीएनएचाही पर्याय पुढे ठेवला. खर्चाची तयारी आहे, परंतु तिच्या चेहऱ्यावर प्रयोग नको. जाणकारांनी कृपया सांगावे.

त्वचारोगतज्ज्ञ, चिकोडी:
ताई, आधी खड्डे कोणत्या प्रकारचे आहेत ते पाहून घ्या. मुलीला खिडकीशी अशी बसवा, की उजेड बाजूने येईल. सुईने टोचल्यासारखी अरुंद, खोल छिद्रे असतील, तर मायक्रोनीडलिंगने फारसे भरून येत नाही. तिथे छिद्रात थेंबभर तीव्र टीसीए (एक प्रकारचे आम्ल) लावण्याची पद्धत अधिक उपयोगी पडते. लाटांसारखे उथळ खड्डे त्वचेखालच्या तंतूंनी आत ओढलेले असतात आणि ते तंतू सुईने मोकळे करावे लागतात, ज्याला सबसिजन म्हणतात. हे न पाहता जो कोणी थेट पॅकेज सांगतो, त्याच्याकडे मी माझ्या घरचे माणूस पाठवणार नाही.

पीआरपी म्हणजे रुग्णाच्याच रक्तातील प्लेटलेट्स. त्यांतून बाहेर पडणारी वाढीची द्रव्ये जखम भरून येण्यास मदत करतात. माझ्या मते मूळ काम मायक्रोनीडलिंगचे असते आणि पीआरपी त्याला हातभार लावते. सामन माशाच्या डीएनएपासून बनणारी पॉलिन्यूक्लिओटाइड त्वचेचा पोत सुधारण्यासाठी वापरतात, पण खोल खड्ड्यांसाठी मी त्यांच्यावर भिस्त ठेवणार नाही. एक्झोसोम म्हणजे पेशींतून बाहेर पडणाऱ्या साधारण 30 ते 150 नॅनोमीटरच्या सूक्ष्म पिशव्या. त्यांच्या कोणत्याही उत्पादनाला अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) उपचार म्हणून मान्यता दिलेली नाही आणि 2019 मध्ये तिथे गंभीर त्रासाच्या घटनांनंतर जाहीर इशाराही दिला गेला. म्हणून ते इंजेक्शन घेऊ नका.

वैशाखाबद्दल सांगायचे तर, नवे कोलाजेन (त्वचेला आधार देणारे प्रथिन) तयार होऊन स्थिरावण्यास तीन ते सहा महिने लागतात आणि दोन सिटिंगमध्ये महिनाभराचे अंतर लागते. उशीर झाला असेल, तर लग्नाच्या तोंडावर काही करू नका. उरलेले लग्नानंतर करता येईल.

शहापूरचा लॅबवाला (निवृत्त):
मी आयुष्यभर रक्ताच्या नळ्या हाताळल्या, म्हणून एवढेच कळकळीने सांगतो. नळी सेंट्रिफ्यूजमधून निघते तेव्हा तांबड्या पेशी तळाशी, पिवळसर प्लाझ्मा वर आणि दोहोंमध्ये पांढरट पातळ थर दिसतो. त्या नळीवर मुलीचे नाव लिहिलेले आहे ना, आणि सुई व मायक्रोनीडलिंगच्या यंत्राचे सुयांचे काडतूस तुमच्यासमोर सील फोडून काढले ना, हे उभे राहून पाहा. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोमध्ये अशाच पीआरपी फेशियलमधून काही ग्राहकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे तपासात निघाले. आपल्या बाजूला क्लिनिकची केपीएमई नोंदणी (कर्नाटकातील खासगी दवाखान्यांची सरकारी नोंदणी) भिंतीवर लावलेली असायला हवी; तीही वाचा. संमतिपत्र कन्नड वा इंग्रजीत असेल, तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका.

खानापूरची सुजाता:
काकू, मी दुसऱ्या सिटिंगनंतर तिसऱ्याच दिवशी ऊसतोडीच्या वेळी शेतात गेले, कारण उन्हाबद्दल मला कोणी बजावलेच नव्हते. गालांवर काळे डाग उमटले आणि ते जायला सहा महिने लागले. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला ही भीती जास्त असते. सनस्क्रीन आणि ओढणी यांत कुचराई नको.

निपाणीची आई:
सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी तिला खिडकीशी बसवून पाहिले; डावीकडे लाटांसारखे आणि कानशिलाजवळ बारीक छिद्रे आहेत. कोल्हापूरचे इंजेक्शन घेणार नाही. सोमवारी बेळगावला जाऊन आधी सबसिजनबद्दल विचारते.