आठवड्याच्या मधल्या वारी चिकन खिमा पास्ता: हे जेवण की नुसती थेरं?

विश्रामबागवाली: सांगलीत चिकन म्हटलं की रस्सा, भाकरी आणि फोडलेला कांदा, याच्यापुढं आपली गाडी जात नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळायचे. उरलेल्या दिवशी साडेसातला घरी पोचून खोबरं भाजत बसायचं? माझं मत, खिमा पास्ता करा. एका शेगडीवर पाणी उकळत ठेवा, दुसरीवर कढईत कांदा-लसूण, त्यावर पाव किलो खिमा, किसलेलं गाजर, ढबू मिरची, दोन-तीन टोमॅटो. पास्ता शिजेपर्यंत खिमा तयार. चौघांचं अर्ध्या तासात होतं, आणि एरवी ताटाच्या कडेला सारलेलं गाजर पोरं मुकाट खातात. पटत नसेल त्यांनी कारण द्या. "आपलं ते आपलं" हे कारण धरणार नाही.

मिरजकर: अर्धा तास कुठल्या घड्याळात ओ ताई? चिकनवाल्याकडची रांग धरली का? खिमा म्हटलं की तो आधी आपल्या तोंडाकडं बघतो, मग बोनलेस काढतो, मग सुरा घेऊन ठोकत बसतो. वर बोनलेसचा भाव वेगळा. रविवारी वाटण करून फ्रीजरला टाकलं की आमचा रस्सा तेवढ्याच वेळात होतो. कांदा-लसूण मसाल्याचा डबा उन्हाळ्यातच भरलेला असतो. आणि हाडाशिवाय चिकनला चव कुठली?

विश्रामबागवाली: रविवारी वाटण कोण करतं, ते लिहायचं राहिलं.

मिरजकर: मीच करतो. मिक्सर मलाही चालवता येतो.

दोन_चुली: घरात सासरे आहेत का कुणाच्या? आमच्याकडं पास्ता केला की मामा दोन घास खाऊन "जेवायला काय आहे?" विचारतात. म्हणजे भाकरी आलीच. एका जेवणाची दोन जेवणं झाली, वेळ वाचला कुठं?

विश्रामबागवाली: पास्ता मिसळायच्या आधी वाटीभर खिमा बाजूला काढायचा, त्यात चमचाभर कांदा-लसूण मसाला घालून एक वाफ काढायची. मामांना तोच भाकरीबरोबर.

दोन_चुली: आणि भाकरी आपोआप थापली जाते का?

खपलीप्रेमी: मुळात मैदा रात्री पोटात घालायचाच कशाला? आपल्या भागात खपली गहू पिकतो, त्याची खीर खाऊन मोठे झालो आपण.

अल_देन्ते: पाकीट उलटं करून वाचा. ड्यूरम गव्हाचा रवा लिहिलं असेल तर तो मैदा नाही. ड्यूरममध्ये प्रथिन जास्त, म्हणून शिजूनही दाताखाली लागतो. स्वस्त पाकिटात मैदा असतो, त्याचं पाणी पिठूळ होतं आणि पास्ता गोळा होऊन बसतो. माझी हरकत वेगळीच आहे. कांदा-लसूण मसाला पास्त्यात घालू नका, बाकीच्या सगळ्या चवी मेल्या मग! इटलीतल्या बोलोन्या शहराच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये १९८२ साली रागूची, म्हणजे पास्त्यावरच्या खिम्याच्या सॉसची, कृती रीतसर नोंदवली आहे. त्यात कांदा, गाजर, सेलरी, टोमॅटो, वाइन आणि दूध.

मिरजकर: त्या कृतीत बीफ आहे ना ओ? चिकन घातलं तिथंच नोंदणी मोडली की. आता मसाल्यानं काय बाटणार?

अल_देन्ते: बरं, बाटवा. पण दुधाचं तेवढं ऐका. चिकनच्या छातीचा खिमा लगेच कोरडा पडतो, अर्धी वाटी दूध घालून आटवलं की मऊ राहतो. आणि पास्त्याचं पाणी मोरीत ओतू नका. त्यातल्या पिठानं रस्सा पास्त्याला चिकटून राहतो. वाटीभर ठेवा, लागेल तसं घाला.

गणपती_पेठ: सगळे चवीवर भांडताय. खिमा आधीच करून ठेवलेला घेऊ नका, डोळ्यांदेखत करून घ्या. अखंड तुकड्याचे जंतू बहुतेक वरच असतात, खिम्यात ते आतपर्यंत मिसळतात. म्हणून त्याच रात्री शिजवा, आणि पूर्ण शिजवा. कोंबडीला आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस लागतात. आणि घरी आणून नळाखाली धुऊ नका, जंतू बेसिनभर उडतात.

दोन_चुली: न धुता चिकन? आमच्या घरात पाऊल ठेवू देणार नाहीत.

गणपती_पेठ: मग दुकानातच मोठे तुकडे धुऊन, निथळून मग खिमा करायला सांगा. धुतलेला खिमा परतत नाही, स्वतःच्या पाण्यात उकडतो. गोळे होतात, रंग राखाडी. मोठ्या आचेवर पसरून ठेवा आणि दोन मिनिटं झारा लावू नका. खाली तांबूस धरला की मग मोडा.

मिरजकर: हे पटलं. रस्सा सोडत नाही, पण शुक्रवारी करून बघतो. ढबू पोरीला चालत नाही. घेवडा?

विश्रामबागवाली: चालेल. बारीक चिरून पास्त्याच्याच पाण्यात शेवटची चार-पाच मिनिटं टाका, वेगळं भांडं नको. पाण्यात मीठ लिटरला दोन लहान चमचे. तेवढं घातलंय हे ध्यानात ठेवून खिम्यात जरा हात आखडता घ्या.