नांदणे, टाकणे, त्यजणे: ‘एकच प्याला’तल्या सिंधूच्या निमित्ताने

प्रश्न: ‘एकच प्याला’ नाटकातल्या सिंधूच्या ‘कशि या त्यजूं पदाला’ या ओळीत ‘पद’ म्हणजे पाय की पत्नीपद? आणि इतकं सोसूनही सिंधू तिच्या दारुड्या नवऱ्याला, सुधाकरला, सोडून का जात नाही, ते या ओळीवरून कळतं का?

उत्तर: पाय. पुढे लगेच ‘पादयुग’ येतं, त्यामुळे पत्नीपद हा अर्थ बसत नाही. विचार करायला हवा तो ‘त्यजणे’चा. हा शब्द नाटककार राम गणेश गडकऱ्यांचा नव्हे. ते जानेवारी १९१९मध्ये गेले, नाटक त्यानंतर रंगभूमीवर आलं आणि पदं लिहिली विठ्ठल सीताराम गुर्जरांनी. बोलीत बाई नवऱ्याला त्यजत नाही. नवरा बायकोला ‘टाकतो’, मग ती जन्मभर ‘टाकलेली’. ‘बायकोने टाकलेला’ असं कुणी म्हणत नाही. ती स्वतःहून आली तरी ‘माहेरी येऊन बसली’ म्हणतात.

सिंधूला पतिव्रता म्हणून हात जोडणं किंवा दुबळी म्हणून हळहळणं, दोन्ही मला अपुरं वाटतं. ती दळणं दळून घर चालवते, म्हणजे दुबळी नाही. माहेर खातंपितं आहे, भाऊ पद्माकर पाठीशी आहे, म्हणजे जायला जागाही आहे. पण घरात नणंद शरद आहे, बालविधवा. नवऱ्यावाचून बाईचं काय होतं ते सिंधू रोज डोळ्यांसमोर पाहते. माहेरी परतली तर तिथे ती कोण म्हणून राहणार? लेक म्हणून तर नक्कीच नाही. मरणाच्या दारातही ती नवऱ्याला वाचवायला फौजदारापुढे खोटं बोलते. त्यात प्रेम आहे, ते मी नाकारत नाही. पण ते प्रेम सोडून उभं राहायला तिला दुसरी जागा कुणी ठेवलीच नव्हती.

आणखी एक उत्तर: यात जात धरायला हवी. ज्या समाजांत पाट लागत असे, म्हणजे बाईचं दुसरं लग्न होत असे, तिथे ‘काडीमोड’ (फारकत) हा शब्दही होता आणि रिवाजही. सिंधूच्या पांढरपेशा घरात दोन्ही नव्हतं. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ साली आला, देशभरात १९५५ साली. त्याआधी रखमाबाईंनी नवरा दादाजीकडे नांदायला जायचं नाकारलं, तर १८८७मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या तुरुंगाला तयार झाल्या. पुढच्या वर्षी दादाजीने दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. सिंधूला न्यायला कुठलंही कोर्ट लागलं नाही.

प्रश्न: मग ‘सिंधू सुधाकरकडे नांदत होती’ असं लिहिलं तर चुकेल का?

उत्तर: ‘नांदणे’ संस्कृत ‘नन्द्’ धातूकडचं, म्हणजे आनंदाने राहणं. ‘नांदी’ही त्याच घरची. म्हणून लक्ष्मी नांदते, भरलं घर नांदतं. व्यवहारात मात्र आनंद गळाला आणि सासरी राहणं तेवढं उरलं. ‘ती नांदत नाही’ म्हणजे ती दोषी, आणि ‘तो नांदवत नाही’ म्हटलं तरी नांदवणारा तोच. पहिल्या अंकातल्या सिंधूला ‘नांदते’ खुशाल म्हणा. सुधाकरच्या हाती प्याला आल्यानंतर मी ‘राहते’ एवढंच लिहीन.